जिंकल्याच्या दुसऱ्या दिवशीचं दूध

कसबा पेठेत येऊन हिंमतराव कोंढरे कुठे राहतात असं विचारलंत, तर समोरचा आधी तुम्हाला नखशिखांत न्याहाळेल आणि मग म्हणेल, "कोणते? बसवाले की तालीमवाले?" दोन्ही एकच आहेत. पण हे आपणहून सांगायला पेठेतला माणूस बांधील नाही.

उंच, रुंद, कान फुटलेले, मान खांद्यात रुतलेली आणि डावा गुडघा असा की ते जिना चढू लागले की आवाजावरूनच त्यांच्या पत्नी यमुनाबाई चहाचं आधण ठेवतात. उभी नोकरी स्वारगेट डेपोत ड्रायव्हर म्हणून झाली. निवृत्त झाल्यावर लोक तीर्थयात्रेला जातात, हे पिंपळाच्या तालमीत जायला लागले. पिंपळ रस्तारुंदीत गेला, नाव तेवढं राहिलं. तालमीची किल्ली हिंमतरावांच्या कमरेला असायची. पहाटे उठून ते कुलूप काढणार, मारुतीपुढे दिवा लावणार, लाल मातीचा हौदा खोऱ्याने उकरणार, मातीत ताक, हळद, तेल घालणार आणि मग भिंतीला टेकून बसणार. येणार कोणीच नाही. पेठेतली पोरं जिमला जात होती आणि जिमला जाताना गाड्या मात्र तालमीच्या दारात लावत होती.

"सगळ्या पुण्यात मऊ माती आहे आपली," यमुनाबाई म्हणायच्या. "पडायला कोणी नाही म्हणून टिकलीय."

आता या माणसाचं दुखणं सांगतो, म्हणजे पुढचं सगळं कळेल. ऐन तारुण्यात हिंमतरावांनी लोणी काळभोरच्या यात्रेत शेवटची कुस्ती मारली होती. समोरचा पैलवान कोल्हापूरकडचा, नावाजलेला. हिंमतरावांनी त्याला आस्मान दाखवलं तेव्हा हलगी अशी कडाडली की आखाड्यातल्या माणसांना स्वतःचा आवाज ऐकू येईना. रिवाजाप्रमाणे फेटा पसरून ते आखाड्याला फिरले. लोकांनी फेटा नोटांनी भरला. ट्रकमध्ये उभं करून पेठेत आणलं, खांद्यावर घेऊन नाचवलं. नोटा बँडवाल्याला आणि जेवणावळीला पुरल्या.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तालमीत दूध आलं नाही.

तोवर असं होतं की पेठेतली घरं आपल्या पैलवानाला खुराक पुरवायची. कुणाचं पावशेर दूध, कुणाचे मूठभर बदाम, कुणाचं तूप. कुणी उपकार म्हणून नाही, आपला पैलवान म्हणून. जिंकल्यावर प्रत्येक घराला वाटलं, आता हिंमत मोठा झाला, आता त्याला आपल्या पावशेराचं काय! प्रत्येकाला वाटलं, दुसरा कोणीतरी देत असेल. त्या दुसऱ्यालाही तसंच वाटलं. मेहनत तीच, खुराक नाही. पुढच्या हंगामापर्यंत अंग उतरलं आणि सरावातच गुडघा गेला. हिंमतराव ड्रायव्हर झाले, आणि नशिबाची मस्करी बघा, रूट मिळाला स्वारगेट ते लोणी काळभोर. ज्या आखाड्यात हलगी कडाडली, त्याच्याच बाजूने वर्षानुवर्षं गाडी नेली. कोणी ओळखलं नाही. फार तर कोणीतरी म्हणायचं, "ड्रायव्हरकाका, जरा दाबा की."

तर अशा माणसाच्या तालमीत, दिवाळी उलटल्यावर एका संध्याकाळी चैताली आली. आळीतल्या तांबटाची मुलगी, दिवसा एका ऑफिसात हिशेब बघायची, संध्याकाळी नदीपात्रातल्या मैदानावर फुटबॉल खेळायची. नुसती खेळायची नाही, कसबा फुटबॉल क्लबच्या मुलींच्या संघाची ती कॅप्टनही होती आणि, कोच परवडत नाही म्हणून, कोचही.

"काका, मागची खोली मिळेल का? नेट, बॉल ठेवायला. आणि मुलींना कपडे बदलायला जागा नाहीये."

"क्लब आहे म्हणतेस आणि जागा नाही?"

"क्लब म्हणजे आम्ही वीस जणी, काका. बाकी काही नाही. गेल्या वर्षी एक स्पॉन्सर आले होते. त्यांनी टी-शर्टवर स्वतःचं नाव छापलं, आमच्याबरोबर फोटो काढला, पेपरात आला. आता फोन उचलत नाहीत. कोच सर वर्षभर फुकट शिकवत होते. त्यांना बाळ झालं. किती दिवस फुकट येणार?"

हिंमतरावांनी मागच्या खोलीची किल्ली दिली. मात्र एक अट घातली, की यायचं-जायचं मागच्या दाराने. हौद्याकडे, मारुतीपुढे बायका येत नाहीत, असा तालमीचा दंडक होता. तो कोणी घातला हे कुणालाच ठाऊक नव्हतं, पण पुण्यात दंडकाला इतकं पुरतं.

हा दंडक एका आठवड्यात मोडला आणि मोडला तो हिंमतरावांनीच. सरावाहून आलेली एक मुलगी बुटांच्या नाड्या सोडता सोडता भोवळ येऊन पडली. तिचं नाव अपेक्षा, मूळची यवतमाळकडची. आई-वडील नदीपलीकडे एका इमारतीत वॉचमनची खोली घेऊन राहायचे, ही औषधांच्या गोदामात पॅकिंग करायची. हिंमतरावांनी तिला उचललं आणि सवयीने, जसं पूर्वी पोरांना न्यायचे तसं, सरळ हौद्यातल्या गार मातीवर नेऊन निजवलं. तेवढ्यात गलका ऐकून यमुनाबाई दारात आल्या.

"माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली, या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकू दिलं नाहीत," त्या म्हणाल्या. "आता आलेच आहे तर पाणी कुठंय ते सांगा."

अपेक्षाने डोळे उघडले. "काही नाही जी, थोडी चक्कर आली."

"सकाळपासून काय खाल्लंस?" हिंमतरावांनी विचारलं.

"चहा. बिस्किट."

"आणि काल रात्री?"

"मॅगी."

हिंमतरावांनी चैतालीकडे पाहिलं. "खुराक काय आहे तुमचा?"

"खुराक?" चैतालीला शब्दच नवा होता. "मॅच असली की वडापाव आणतो. वर्गणीतून मैदानाचं भाडं गेलं की तेवढंच उरतं."

हिंमतराव असे संतापले की मारुतीपुढचा दिवा विझतो की काय असं वाटलं. चैतालीने समजूत घालावी तसं सांगितलं, की काका, हे आमचंच नाही, सगळीकडे हेच आहे. पुण्यात मोठे क्लब येऊन गेले, दिव्यांच्या झगमगाटात खेळले आणि गुंडाळले गेले. आणि तरी देश हरला की टीव्हीवर सगळे विचारतात, एवढ्या कोटींच्या देशात अकरा खेळाडू मिळत नाहीत का?

"अकरा मिळतील गं. अकराशे मिळतील," हिंमतराव गरजले. "त्यांना वाढतंय कोण, ते विचार ना त्या टीव्हीवाल्याला! आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? क्लब म्हणजे आड. तो कोरडा ठेवायचा आणि पोहरा रिकामा आला म्हणून बोंबलायचं!"

दुसऱ्या दिवसापासून हिंमतराव पेठेत दारोदार फिरू लागले. पैसे मागत नव्हते. प्रत्येक घराकडून एकच गोष्ट, रोज: कुणी दूध, कुणी अंडी, कुणी शेंगदाणे, कुणी केळी. बहुतेकांना गंमत वाटली. म्हाताऱ्यांना आपलं लहानपण आठवलं आणि त्यांनी लगेच हो म्हटलं. शेजारच्या बिल्डिंगमधले रावसाहेब, कचेरीतून निवृत्त झालेले आणि तेव्हापासून कुणावरच खूश नसलेले, त्यांनी मात्र दार अर्धंच उघडलं.

"फुटबॉल? आपल्याकडे? आम्ही टेनिस बघतो. आणि तेही आवाज बंद करून."

"दूध हवंय, रावसाहेब. मत नकोय."

"दूध आमच्याकडे मोजकं येतं. मत मुबलक आहे," असं म्हणून त्यांनी दार लावलं.

पहिला सामना कोथरूडच्या संघाशी होता. आणि इथे हिंमतरावांनी ती चूक केली, जी आयुष्यभर मातीत घालवलेला वस्तादच करू शकतो. सामन्याच्या दुपारी त्यांनी बदाम, खसखस, बडीशेप पाट्यावर स्वतः वाटली, घट्ट दुधात कालवली, वर तुपाची धार सोडली आणि प्रत्येक मुलीला मोठा पेला भरून थंडाई दिली. 'नको' म्हणायची कुणाची छाती झाली नाही. पैलवानाला हा खुराक जोर काढल्यावर देतात, मग तो झोपतो आणि अंग धरतो. इथे मुली झोपण्याऐवजी धावायला गेल्या.

काय झालं ते सांगायलाही लाज वाटते. दोघींना पहिल्या दहा मिनिटांतच उलटी झाली. बचावाची फळी उन्हात सुस्तावलेल्या म्हशींसारखी उभी राहिली. आणि गोलकीपरने, अंगावर बॉल येत असताना, मोठी थोरली जांभई दिली. सहा गोल झाले. कोथरूडच्या मुलींना शेवटी शेवटी कीव आली म्हणून, नाहीतर दहा झाले असते.

पेठेत बातमी संघाच्या आधी पोचली. 'बासुंदी इलेव्हन' असं नाव पडलं. लोकांनी हळूहळू हात आखडता घेतला. दूध निम्म्यावर आलं, अंडी बंदच झाली. हिंमतराव हौद्याच्या कडेला डोकं धरून बसले.

"अहो," यमुनाबाई म्हणाल्या, "लोणीच्या फेरीला निघताना तुम्ही काय खायचात?"

"दोन पोळ्या, बटाट्याची भाजी."

"आणि मध्ये?"

"हडपसरला केळं."

"थंडाई पिऊन गाडी काढली असतीत तर?"

हिंमतरावांनी कपाळावर हात मारून घेतला. "अगं, बरोबर आहे! कुस्ती कधी पाच मिनिटांत संपते. हा खेळ म्हणजे स्वारगेट ते लोणी आहे. भर ट्रॅफिकमध्ये. दीड तास!"

"हे मी सहा गोलांच्या आधी सांगितलं असतं," यमुनाबाई म्हणाल्या, "पण तालमीतलं बायकांना काय कळणार!"

त्या दिवसापासून तालमीच्या चुलीचा ताबा यमुनाबाईंकडे गेला. सामन्याआधी बऱ्याच वेळाने पोळी-भाजी, नाहीतर पोहे. मध्यंतराला केळं आणि लिंबू-मिठाचं पाणी. दूध, अंडी, शेंगदाण्याचे लाडू सगळं नंतर. मुली मध्यंतराला 'हडपसर' म्हणू लागल्या. "चला, हडपसर आलं!" असं चैताली मैदानावर ओरडायची आणि समोरच्या संघाला काही कळायचं नाही. हिंमतरावांनी पुन्हा दारं वाजवली, थंडाईची माफी मागितली, टोमणे ऐकून घेतले आणि निम्म्याअधिक घरांचं दूध परत सुरू केलं.

आणि मुली जिंकू लागल्या! महिन्याभरात अंग धरलं, गालांवर रंग आला. अपेक्षा, जी नाडी सोडताना पडली होती, ती आता अशी सुटायची की बचाववाल्यांना तिची पाठच दिसायची. एक, दोन, करता करता सलग सामने जिंकले. शेवटचा सामना उरला, पुन्हा कोथरूडशीच. तो जिंकला तर कसबा वरच्या गटात जाणार. बरोबरी झाली तरी कोथरूड जाणार, कारण त्यांचे गुण जास्त होते.

पेठेत कुजबुज सुरू झाली आणि कुजबुज जिथे असते तिथे दिग्विजय असतो. दिग्विजय म्हणजे गणपती मंडळाचा अध्यक्ष, धंद्याने बिल्डर, स्वभावाने वाईट नाही, पण फ्लेक्सवर स्वतःचा फोटो पाहिला नाही तर त्याला दिवस गेल्यासारखा वाटत नाही. चैताली त्याच्याकडे हंगामाच्या सुरुवातीला गेली होती तेव्हा तो म्हणाला होता, "आधी जिंका, मग बघू." आता तो स्वतः तालमीत आला.

"हिंमतकाका, जिंकल्या तर मंडळातर्फे लाखाचं बक्षीस! तिथल्या तिथे, मैदानावर, मोठा चेक!"

दिग्विजय गेल्यावर मुलींनी उड्या मारल्या. चैताली तेवढी शांत बसून राहिली.

"काय गं?" हिंमतरावांनी विचारलं.

"काका, वरच्या गटात दुप्पट सामने असतात. बाहेरगावी जायचं, लहान मुलींचा संघ उभा करायचा, शिकलेला कोच ठेवायचा. बक्षीस दोन महिन्यांत संपेल. मी हिशेबाचंच काम करते ना. जिंकलो तर पुढच्या दिवाळीपर्यंत क्लब बंद करावा लागेल. हरलो तर कदाचित दोन वर्षं रेटता येईल." ती हसली, पण हसू काही खरं नव्हतं. "म्हणजे जिंकणं आम्हाला परवडत नाही."

त्या रात्री हिंमतरावांचा गुडघा फार दुखला.

सामन्याला अख्खी पेठ लोटली. तांबट आले, बुरूड आले, मंडळाची पोरं आली. हिंमतरावांनी कुठूनतरी हलगीवाला पैदा केला होता. रावसाहेबही आले, छत्री आणि घडीची खुर्ची घेऊन. "ऊन खायला आलोय," त्यांनी कोणी न विचारताच जाहीर केलं.

कोथरूडने कॉर्नरवरून डोक्याने पहिला गोल केला. पेठ गार पडली. कुणीतरी "बासुंदी!" असं ओरडलंही. पण हडपसर यायच्या आत चैतालीने मधोमध बॉल अडवला, मान वर केली आणि बचावाच्या दोन मुलींच्या मधून असा सरकवला की अपेक्षाला नुसतं धावायचं होतं. तिने धावत जाऊन, कीपर पुढे येताच, बाजूने घातला. एक-एक!

केळी खाऊन मुली परत उतरल्या. बरोबरी उपयोगाची नव्हती. कोथरूडने सगळ्या मुली मागे खेचल्या आणि दार लावून घेतलं. वेळ संपत चालली तशी हिंमतरावांना एक गोष्ट दिसली. कोथरूडच्या मुली गुडघ्यांवर हात टेकून उभ्या राहत होत्या. त्यांच्या टाकीतलं तेल संपत आलं होतं. कसब्याच्या मुली मात्र लोणीपर्यंत जायला निघाल्या होत्या, त्यांच्यात अजून बरंच होतं.

"दाबा!" हिंमतराव उभे राहून ओरडले. "दाबा गाडी!"

सगळी पेठ ओरडायला लागली, "दाबा! दाबा!" हलगीने ठेका धरला. डाव्या बाजूने बॉल आला, चैतालीचा फटका खांबाला लागून परतला, आणि गर्दीतून अपेक्षा आली, पडता पडता तिने पाय लावला आणि जाळं हललं. हलगी कडाडली. रावसाहेबांची खुर्ची उलटली. ती त्यांनीच उडवली होती.

शिट्टी वाजल्यावर लोक मैदानात घुसले. कुणीतरी अपेक्षाच्या डोक्याला फेटा बांधला, तोच सोडून तिच्या हातात दिला आणि तिला मैदानाभोवती फिरवायला लागले. हिंमतरावांनी सांगितलं नव्हतं. पेठेच्या अंगातच तो रिवाज होता. नोटा पडायला लागल्या. दिग्विजय पुठ्ठ्याचा दाराएवढा चेक घेऊन पुढे आला, फोटोवाला धावला.

फेटा भरत होता आणि हिंमतरावांना तो भरलेला फेटा ओळखीचा वाटला. ते गर्दी सारत मध्ये गेले आणि त्यांनी हलगीवर हात ठेवला. आवाज बंद पडला.

"हे परत घ्या," ते म्हणाले. "सगळं परत घ्या."

लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला ऊन लागलं.

"मीसुद्धा जिंकलो होतो. तुमच्या बापांनी माझाही फेटा भरला होता. दुसऱ्या दिवशी दूध आलं नाही." त्यांनी भरलेल्या फेट्याकडे बोट दाखवलं. "इनाम एका दिवसाचं असतं. मुली वर्षभर खेळतात. ज्याला द्यायचंय त्याने आज देऊ नका. उद्या पहाटे तालमीचं दार उघडं असेल. दूध आणा, अंडी आणा, बसचं भाडं आणा, काय झेपेल ते. पण वर्षभर. नसेल जमत तर आत्ता टाळ्या वाजवा आणि घरी जा."

टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. दिग्विजयने चेक गुंडाळता येतो का पाहिलं, तो पुठ्ठ्याचा असल्याने जमलं नाही, मग तसाच काखेत मारून तो निघून गेला. लोक एकेक करून फेट्यातल्या आपापल्या नोटा उचलू लागले. कुणाची कुठली यावरून दोघांत वादही झाला.

चैताली समोर येऊन उभी राहिली. तिचे डोळे भरले होते आणि ते आनंदाने नव्हे. "काका, विचारलं तरी असतंत. अपेक्षाचे बूट फाटलेत. त्या पैशांत आले असते."



घरी येताना यमुनाबाई एवढंच म्हणाल्या, "हातात आलेला पैसा सोडताना तुम्हाला इतक्या वेळा पाहिलंय, की आता मला तो छंदच वाटतो." पण त्यांनी चालताना हिंमतरावांचा हात धरला होता, आणि भर रस्त्यात तो त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच धरला होता.

दुसऱ्या दिवशी हिंमतरावांनी नेहमीपेक्षा लवकर तालीम उघडली. दिवा लावला. हौद्याच्या काठावर मोठं पातेलं ठेवलं, घासूनपुसून लखलखीत, आणि उंबऱ्यात बसले. गल्ली रिकामी. पेपरवाला गेला. दूधवाल्याची गाडी घरोघरी पिशव्या टाकत पुढे निघून गेली. उजाडलं. सगळं तसंच होतं, चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी होतं तसं, फक्त या वेळी त्यांनी वीस मुलींनाही आपल्याबरोबर बसवलं होतं. आपण पोरींच्या ताटातलं घालवलं, असं त्यांच्या मनात आलं आणि त्यांना ते सहन होईना. ते पातेलं उचलायला उठले.

"बसा, बसा. उठू नका," कोणीतरी कोरड्या आवाजात म्हणालं. रावसाहेब होते. हातात झाकण घातलेलं पितळी भांडं. "गाईचं आहे. म्हशीचं त्या तुमच्या यवतमाळवालीला जड जात असेल. धावते बरी, पण डाव्या पायाने मारत नाही. मत विचारलं नव्हतंत, तरी देतोय. दूध रोज मिळेल."

त्यांच्यामागे तांबट आळीतल्या बायका होत्या. मग बुरूड. मग ज्यांनी काल नोटेवरून वाद घातला होता ते दोघे, एकाच ट्रेमध्ये अंडी घेऊन. गल्लीच्या वळणापर्यंत रांग लागली आणि रांगेत कोण कुणाच्या पुढे घुसलं यावरून भांडणं सुरू झाली, तेव्हा हिंमतरावांना खात्री पटली की हे स्वप्न नाही, ही कसबा पेठच आहे. पातेलं भरलं, यमुनाबाईंनी घरातून हंडा आणला, तोही भरला. कोपऱ्यावरच्या चप्पलवाल्याने बुटांची खोकी आणून ठेवली आणि दर हंगामाला आणीन असं सांगून तो दुकान उघडायला गेला.

सगळ्यात शेवटी दिग्विजय आला. रात्रभर झोपला नसावा. बरोबर मंडळाचे चार कार्यकर्ते होते, फोटोवाला नव्हता.

"काका, मीटिंग घेतली. यंदाच्या गणपतीत स्पीकरच्या भिंती नाहीत. कोचचा पगार आणि बाहेरगावचा प्रवास मंडळाकडे. तीन वर्षं, दर महिन्याला. ठराव केलाय." तो जरा घुटमळला. "फ्लेक्स लावला तर चालेल ना?"

"लाव की," हिंमतराव म्हणाले. "तीन वर्षं झाल्यावर."

दिग्विजय आधी चपापला, मग हसला, आणि त्यानेच हंडा आत न्यायला हात लावला.

मुली आल्या त्या पुढच्या दाराने. मागचं दार आता कोणी वापरत नव्हतं. चैतालीने पातेलं पाहिलं, खोकी पाहिली, रांग पाहिली. हिंमतरावांनी पहिला पेला भरून तिच्यापुढे धरला.

चैतालीने पेला घेतला आणि तो त्यांच्याच हातात परत ठेवला.

"नाही, वस्ताद," ती म्हणाली. या नावाने त्यांना आजवर कुणीच हाक मारली नव्हती. "तुमचा त्या दिवशीचा राहिलाय. आधी तुम्ही प्या."

हिंमतरावांनी मारुतीकडे पाहिलं, यमुनाबाईंकडे पाहिलं, आणि तो पेला एका दमात, पैलवान पितो तसा, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला. मग ते उंबऱ्यात बसून लहान मुलासारखे रडले आणि रडताना त्यांना जराही लाज वाटली नाही.

"अहो, मिशी पुसा," यमुनाबाई पदराने आपलेच डोळे पुसत म्हणाल्या. "मुली खोळंबल्यात. वाढायला घ्या."